भिंत कापायची करवत

“आता काय कापायचंय, काका?”

शेखरने विचारलं आणि धोंडीरामने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

प्रश्न साधाच होता. जेल रोडवरच्या त्या हार्डवेअरच्या दुकानात काहीही मागायला आलेल्या प्रत्येक माणसाला शेखर तो विचारायचा. पण आदल्या दिवशी धोंडीरामने त्याला सांगितलं होतं की सोसायटीतल्या पेरूची फांदी छाटायची आहे. शेखरने बाकदार पात्याची, मोठ्या दातांची करवत काढून दिली होती. ती आता घरी दिवाणाखाली, जुन्या चादरीत गुंडाळून ठेवलेली होती. सोसायटीत पेरूचं झाड नव्हतंच.

“पाइप,” धोंडीराम म्हणाला. “प्लास्टिकचा. बेसिनखालचा.”

“मग हॅक्सॉ न्या. बारीक दात असतात, पाइप फाटत नाय.” शेखरने भिंतीवरच्या खिळ्यावरून लोखंडी चौकटीची करवत उतरवली आणि पातं ताणून दाखवलं. “प्लंबरला का नाय बोलावत? या वयात बेसिनखाली वाकू राह्यले तुम्ही.”

“जमतं मला.”

बोलताना धोंडीरामने कोपऱ्याकडे पाहिलं नाही. कोपऱ्यात स्टुलावर भिमाजी पेपर वाचत बसला होता. शेखरचा मामा. एसटीत तो ड्रायव्हर आणि धोंडीराम कंडक्टर. नाशिक-नांदगाव गाडीवर दोघांनी अर्धी नोकरी एकत्र काढली होती. आता मात्र कोपऱ्यातून पेपर सळसळला नाही की खोकल्याचा आवाज आला नाही. भिमाजी ऐकतोय हे धोंडीरामला पाठीवर जाणवत होतं. पेरू ऐकला, आता पाइपही ऐकला असणार.

करवत पिशवीत घालून तो दुकानाची पायरी उतरला. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत भिमाजी असा दुकानात बसत नसे. सकाळी कॉलनीच्या बागेत ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर धोंडीरामच्या शेजारी बसायचा. धोंडीरामच्या घरचा तो चहा झाला आणि भिमाजीने कट्टा सोडला. का सोडला, कुणीच विचारलं नाही. धोंडीरामने तर नाहीच.

त्या चहाची आठवण आली की रस्त्यात चालता चालता त्याचे कान तापायचे.

कट्ट्याने त्याला सेक्रेटरी केलं होतं. जन्मभर ‘पुढं सरका, पुढं सरका’ म्हणत गर्दीतून वाट काढलेल्या माणसाला लोक एकदम ‘आहेरसाहेब’ म्हणायला लागले. त्या आनंदात त्याने सगळ्यांना घरी बोलावलं. कॉलनीत नव्यानेच राहायला आलेले एक निवृत्त प्राचार्यही आले होते. पांढरेशुभ्र कपडे, जपून बोलणं. धोंडीरामने त्यांना खिडकीजवळची चांगली खुर्ची दिली, आणि त्यांच्यासमोर आपण हाय आणि नाय म्हणतो याचीसुद्धा त्याला त्या दिवशी लाज वाटत होती.

सिंधुबाईचं विसरणं तेव्हा बरंच पुढे गेलं होतं. सुरुवातीला भाजीत दोनदा मीठ पडायचं, मग देवळाची वाट चुकू लागली, मग पोटच्या दीपकला ती अहोजाहो करू लागली. डॉक्टरांनी आजाराला नाव दिलं होतं, पण घरात ते कुणी घ्यायचं नाही. ‘आईचं विसरणं’ एवढंच म्हणायचे. त्या संध्याकाळी सून, तेजस्विनी, स्वयंपाकघरात चहा गाळत होती आणि तेवढ्यात सिंधुबाई आतून बाहेर आली. पोलकं उलटं घातलेलं. पातळ ओलं, पायाला चिकटलेलं, आणि ते कशाने ओलं झालंय हे खोलीतल्या प्रत्येकाला लगेच कळलं. हातात रिकामा स्टीलचा डबा होता.

“डबा ऱ्हायला तुमचा,” ती धोंडीरामला म्हणाली. “गाडी सुटंल ना.”

प्राचार्यांनी खिशातून रुमाल काढला, नाकाशी नेला नाही, नुसता हातात धरला, आणि हलक्या आवाजात विचारलं, “ह्या कोण?”

धोंडीरामला पुढे कितीतरी वेळा वाटलं, की एक क्षण थांबलो असतो तर तोंडातून दुसरं काहीतरी निघालं असतं. पण तो थांबला नाही. शब्द आधीपासून तयार असल्यासारखे बाहेर पडले.

“गावाकडची हाय. लांबच्या नात्यातली. दवाखान्यासाठी आणलीय.”

भिमाजी समोरच बसला होता. नांदगावच्या स्टँडवर सिंधुबाईच्या हातच्या बाजरीच्या भाकरी त्याने किती वर्षं खाल्ल्या होत्या. त्याने बशी तोंडाला लावली आणि ती बराच वेळ खाली आणली नाही.

सिंधुबाई धोंडीरामकडे बघत राहिली. मग तिच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू मिटल्या. गर्दीत चुकलेल्या माणसाला कुणीतरी पत्ता सांगावा तसा तिचा चेहरा मोकळा झाला.

“बरं झालं सांगितलं,” ती म्हणाली. “मला कळतच नव्हतं, मी इथं कोण ते.”

तिने डबा टीपॉयवर ठेवला, सगळ्यांना हात जोडले आणि दाराशी जाऊन चौकटीला टेकून उभी राहिली. पाहुणी बाई उभी राहते तशी.

त्या दिवसापासून ती पाहुणी झाली ती झालीच. बाकी सगळं ती विसरायची, पण हे विसरली नाही. वाढल्याशिवाय जेवायची नाही. चहा दिला की “कशाला उगाच तुम्हाला तरास” म्हणायची. स्वयंपाकघरात पाऊल टाकायची नाही. जिथे ती पंचवीस-तीस वर्षं वावरली, त्या ओट्याकडे ती दुसऱ्याच्या घरातल्या ओट्याकडे बघावं तसं बाहेरून बघायची. रोज संध्याकाळी पिशवीत दोन पातळं भरून विचारायची, “नांदगावची गाडी कव्हा हाय?”

आणि धोंडीरामने काय केलं? त्याने भिंत घातली.

कारण चांगलं सापडलं होतं. तेजस्विनी दुपारी हॉलमध्ये शाळेच्या मुलांच्या शिकवण्या घ्यायची. “पोरांचं लक्ष लागत नाय, अन् सिंधूलाबी निवांत जागा पायजे,” तो मुलाला म्हणाला. तेजस्विनी तेव्हा बोलली होती, “अण्णा, असू द्या ना आईंना इथंच. मुलांना आता सवय झालीय त्यांची.” पण त्याने ऐकलं नाही. दीपक कंपनीतून दमून यायचा. बापाने पुन्हा पुन्हा तेच म्हटल्यावर तो तयार झाला. हॉलच्या मागच्या भागात, बाथरूमच्या बाजूला, कागदात दाबलेल्या पांढऱ्या भुकटीच्या फळ्यांची, जिप्सम बोर्डाची, आडवी भिंत उभी राहिली. खिडकी अलीकडे राहिली, सिंधुबाईची कॉट पलीकडे. मध्ये एक अरुंद दार, बाहेरून कडी. काम करणाऱ्या पोरांनी विचारलं होतं, “काका, बोर्ड दोन्ही बाजूंनी मारायचा ना?” तर धोंडीराम म्हणाला होता, “आतून नको. तिकडून कोण बघणार हाय?”

म्हणून हॉलकडून ती भिंत गुळगुळीत, मोतिया रंगाची होती. आतून मात्र पत्र्याच्या उभ्या पट्ट्या आणि बोर्डाचा मळकट कागद तसाच उघडा होता. सिंधुबाई कॉटवर बसून तेच बघायची.

चार दिवसांपूर्वी सकाळी चहा घेऊन तो आत गेला तेव्हा तिच्या नखांत पांढरी भुकटी दिसली. ओठांवरही होती. पीठ खाल्लं की काय असं त्याला वाटलं. मग कॉटवर चमचा सापडला, आणि कॉटवर बसल्यावर डोळ्यांसमोर येईल एवढ्या उंचीवर भिंतीत एक भोक. बांगडीएवढंही नाही. कधीपासून कोरत होती कोण जाणे.

“हे काय केलं, सिंधू?”

चोरी पकडल्यासारखी ती अवघडली. “भरून द्यायला सांगा कुणाला तरी. माझ्याच्यानं ऱ्हावलं नाय.”

“काय बघते त्यातून?”

“या घरातली माणसं बघते,” ती म्हणाली. “चांगली माणसं हायत हो. सांजच्याला एका जागी बसून जेवतात. बघितलं की बरं वाटतं जिवाला.”

तो कॉटवरच बसला. चहा त्याच्या हातातच निवला. मग उठून त्याने दार सताड उघडलं. “चल. बाहेर चल. खिडकीपाशी बस.”

ती उंबऱ्यापर्यंत आली आणि थांबली. “नको. दुसऱ्याच्या घरात असं सगळीकडं हिंडू नाय.”

हात धरून ओढलं तर रडायला लागली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं, तिसऱ्या दिवशीही. दार उघडंच ठेवलं, तरी ती पलीकडे कॉटवर बसून भोकाला डोळा लावायची. तेव्हा धोंडीरामच्या मनात आलं, ती बाहेर येत नाही तर निदान ते भोक मोठं करू. खिडकीएवढं करू. कुणाला न सांगता करू. भिंत आपण घातली, कापायचीही आपणच.

फक्त दुकानात जाऊन हे सांगायचं कसं, ते त्याला कळत नव्हतं. जिप्समची भिंत कापायचीय म्हटलं की शेखर विचारणार, नवी भिंत, आणि कापता कशाला? मग सांगावं लागणार होतं.

घरी आला तेव्हा दीपक कामावर गेलेला होता आणि तेजस्विनी बँकेत. धोंडीरामने पिशवीतून हॅक्सॉ काढला. कालच्या करवतीचा अनुभव ताजा होता. भिंतीच्या मधोमध कापायला तिला कडाच सापडत नव्हती. नुसती घासली गेली, रंगावर आडवेतिडवे ओरखडे उठले आणि शेवटी कागदाची साल निघून लोंबायला लागली. त्याने तिथे कॅलेंडर टांगून ठेवलं होतं. आता कॅलेंडर काढून त्याने हॅक्सॉचं पातं सिंधुबाईच्या भोकात घालायचा प्रयत्न केला. पातं गेलं असतं, पण वरची लोखंडी चौकट भिंतीवर आपटायची. त्याने पातं सोडवलं आणि चिंधी गुंडाळून नुसतंच हातात धरलं. वीतभर कापलं नाही तोच ते वाकलं, आणि त्याच्या तळहातात घुसलं.

पलीकडून हालचाल झाली. भोकातला उजेड अडला म्हणून तिने डोळा लावला असावा.

“कोण हाय?”

“मी हाय.”

“मी म्हंजे कोण?”

धोंडीराम हातातल्या रक्ताकडे बघत उभा राहिला. त्या एवढ्याशा प्रश्नाला उत्तर देण्याची आपली लायकी राहिली नाही असं त्याला वाटलं. थोड्या वेळाने पलीकडून कॉट करकरली. ती परत आडवी झाली असावी.

“अण्णा!”

तेजस्विनी दारात उभी होती. तिने चप्पलसुद्धा काढली नव्हती. ती भिंतीकडे, कॅलेंडरकडे, त्याच्या हाताकडे बघत होती. धोंडीरामने हात पाठीमागे नेला. म्हातारपणी लहान पोरासारखा पाठीमागे नेला, आणि मग त्याचीही त्याला लाज वाटली.

“दाखवा,” ती म्हणाली. हात नळाखाली धरला, हळद दाबली, पट्टी बांधली.

“भोक पडलंय तिथं,” तो म्हणाला. “सिंधूनं पाडलंय. म्हटलं जरा मोठं करावं.”

“माहितीय मला भोक.”

“तुला माहितीय?”

“पहिल्या दिवसापासून. म्हणून तर मी ताटं इकडं मांडते.” तिने हॉलच्या मधल्या जागेकडे बोट केलं. “आधी आपण खिडकीखाली बसायचो ना जेवायला? तिथून आईंना दिसत नव्हतं. मी जागा बदलली. तुम्हाला वाटलं पंख्यासाठी.”

धोंडीराम खुर्चीत बसला. गेले कितीतरी दिवस रोज रात्री तो त्या जागी, त्या भोकासमोर, पाठ करून जेवत होता.

“पोरी,” तो म्हणाला, “ती पाहुणी का झाली, तुला माहितीय?”

तेजस्विनीने पट्टीचं उरलेलं कापड घडी करून ठेवलं. “चहा गाळत होते मी, अण्णा. दार उघडंच होतं.”

एवढंच ती बोलली. रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती आत गेली, सिंधुबाईला पाणी देऊन आली, आणि परत येऊन म्हणाली, “करा मोठं. मी बोलते ह्यांच्याशी, ते काही म्हणायचे नाहीत. पण हे असलं पातं धरून नका करू. दुकानात जाऊन नीट सांगा ना, काय कापायचंय ते.”

धोंडीराम तसाच उठला. दुपारची वेळ होती. रस्त्यावर ऊन होतं आणि दुकान निम्मं रिकामं. एक बाई नळाची तोटी परत करायला आली होती, एक रंगारी ब्रश निवडत होता. भिमाजी स्टुलावर होता.

शेखरने त्याच्या हाताची पट्टी बघितली. “काय झालं काका? म्हटलं होतं ना, प्लंबर बोलवा.”

“पाइप नव्हता तो,” धोंडीराम म्हणाला.

“मग?”

“पेरूबी नव्हता. जिप्समची भिंत कापायचीय. मधोमध. खिडकीसारखी.”

शेखर हसला. “आधीच सांगायचं ना हो! त्याची करवत वेगळी असते.” त्याने खालच्या खणात हात घालून एक लहानशी करवत काढली. सरळ, अरुंद पातं, खंजिरासारखं पुढे टोकदार, मागे जाड मूठ. दुसऱ्या हाताने त्याने लाकडाची एक छोटी करवत आणि ब्लेडचा कटरही काउंटरवर ठेवला. “बघा. कटरनं कागद कापला जातो, भिंत नाय. ही लाकडाची, हिला कडेपासून सुरुवात लागते. तुम्हाला कडा नाय. म्हणून ही टोकाची. चौकोन आखायचा, कोपऱ्यावर टोक टेकवायचं, मुठीवर तळहातानं एक ठोका द्यायचा. टोक आरपार जातं. मग सावकाश कापत जायचं.” त्याने दातांवरून अंगठा फिरवून दाखवला. “दात मोठेच हवेत, बारीक असले तर पूड भरून बसते. हातात धरून बघा. दुसरी एक हाय, तिची मूठ रबराची.”

धोंडीरामने दोन्ही करवती हातात घेतल्या. रबराच्या मुठीची जखमेवर बरी बसत होती. “हीच दे,” तो म्हणाला.

“पण काका, एक लक्षात ठेवा. टोक भसकन आत जातं. मागं वायर असली, पाइप असला, तर लागतो. तुमच्या भिंतीच्या पलीकडं काय हाय?”

धोंडीरामने करवत काउंटरवर ठेवली.

“पलीकडं माझी बायको हाय,” तो म्हणाला.

तोटीवाली बाई त्याच्याकडे बघायला लागली. शेखरचा हात पिशवीत अडकून राहिला.

“सिंधुबाई. माझी लग्नाची बायको,” धोंडीरामचा आवाज उगाचच चढला, स्टँडवर गाव पुकारायचा तसा. “तिला काही आठवत नाय. पातळात लघवी होते तिला. ती माझ्या घरात, माझ्या भिंतीमागं बसलीय. मी बसवलीय.”

रंगाऱ्याने मान खाली घालून ब्रश चाळायला सुरुवात केली. धोंडीरामला वाटलं होतं की खरं बोललं की छातीवरचं ओझं उतरेल. तसं काही झालं नाही. उलट आता ते सगळ्यांना दिसत होतं.

भिमाजीने पेपरची घडी केली आणि स्टुलावरून उठला.

“चल,” तो म्हणाला. “एका हातानं नाय व्हायचं तुला. मी येतो.”

रस्त्याने दोघं शेजारी शेजारी चालत होते. कॉलनीची कमान आली. कमानीशी भिमाजी थांबला.

“त्या दिवशी मला बोलायचं होतं. ही वहिनी हाय म्हणून सांगायचं होतं सगळ्यांना. मग वाटलं, तुझी फजिती होईल चारचौघांत. मी चहा पीत बसलो.” त्याने धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं. “तुझं तोंड बघायला नको म्हणून कट्टा सोडला, असं तुला वाटत आसंल. माझं तुला दाखवायला नको म्हणून सोडला.”

“त्या प्राचार्यांना काय वाटलं आसंल,” धोंडीराम म्हणाला, आणि म्हणताच त्याला कळलं की अजूनही आपल्याला तेच सुचतंय.

“त्यांनी मला जिन्यातच विचारलं होतं, आहेरांच्या मिसेस आजारी असतात का म्हणून. त्यांना पण कळलं होतं. सगळ्यांनाच कळलं होतं, धोंडीराम. कुणी फसलं नाय.”

एकच माणूस फसलं होतं.

घरी तेजस्विनीने हॉलमधल्या सतरंज्या गोळा करून ठेवल्या होत्या. त्या दिवशीच्या शिकवणीला तिने सुटी दिली होती. भिमाजीने भिंतीवर बोटांनी टकटक करून पत्र्याच्या पट्ट्या कुठे आहेत ते शोधलं. पोकळ वाजलं तिथे पेन्सिलीने चौकोन आखला, भोक मध्ये येईल असा. तेजस्विनी आत जाऊन सिंधुबाईला कॉटच्या दुसऱ्या टोकाला घेऊन बसली. तिने आतून आवाज दिला, “हं, चालू करा. मी धरलंय त्यांना.”

धोंडीरामने कोपऱ्यावर टोक टेकवलं. तळहाताने मुठीवर ठोका द्यायचा होता, पण दुखरा हात उचलेना. दुसऱ्या हाताने दिला. टोक खरंच भसकन आत गेलं. पलीकडे एवढं सहज पोहोचता येत होतं तर. त्याने करवत ओढली. पांढरी पूड धोतरावर, पायांवर, भिमाजीच्या हातांवर पडू लागली. भिमाजी बोर्ड दाबून धरून होता. खालची रेघ संपली, उजवी संपली. मध्येच दम लागला तेव्हा भिमाजीने करवत मागितली. धोंडीरामने दिली नाही. वरची रेघ कापताना खांदा भरून आला, डोळ्यांत पूड गेली, पण तो थांबला नाही.

शेवटची वीतभर रेघ राहिली असताना बोर्ड स्वतःच्या वजनाने मोडला. भिमाजीने तो वरचेवर झेलला आणि भिंतीला टेकवून ठेवला.

खिडकी सरळ झाली नव्हती. एक बाजू तिरकी गेली होती, वरचा कोपरा फाटला होता. पण पलीकडे उजेड गेला. इतके दिवस ट्यूबलाइटमध्ये दिसलेली कॉट, तिच्यावरची गोधडी, भिंतीवरच्या पट्ट्या, सगळं उघडं पडलं. आणि सिंधुबाई हळूहळू उठून त्या उजेडापाशी आली. तिने खालच्या कडेवर दोन्ही हात टेकले आणि वाकून हॉलमध्ये बघितलं. खिडकीकडे, सतरंज्यांकडे. मग तिचे डोळे भिमाजीवर थांबले.

“भिमाभाऊ!” ती म्हणाली. “अगं बाई, तुम्ही कव्हा आले?”

भिमाजीने हातांवरची पूड झटकली. “आत्ताच आलो, वहिनी.”

“बरं झालं. इथं ओळखीचं कुणीच नव्हतं बघा. गाडी लागली का? अन् आमचे हे कुठं ऱ्हायले? ड्युटी सुटली नाय का त्यांची?”

भिमाजीने धोंडीरामकडे बघितलं. धोंडीराम पुढे झाला. तोंडावरची पूड त्याने सदऱ्याच्या बाहीने पुसली, जमेल तेवढी.

“मीच हाय, सिंधू,” तो म्हणाला. “मी धोंडीराम. तू माझी बायको हायेस. हे तुझंच घर हाय.”

सिंधुबाईने त्याच्याकडे नीट पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर आधी गोंधळ आला, मग संकोच. तिने चटकन पदर डोक्यावर ओढून घेतला आणि भिमाजीकडे एकदा चोरून बघितलं, त्याने काही भलतंच ऐकलं असेल तर म्हणून. मग आवाज खाली आणून, समजुतीने, ती म्हणाली,

“असं नका बोलू, मालक. तुम्ही चांगली माणसं हायत. मी लांबच्या नात्यातली, दवाखान्यासाठी आलेली. तुमच्या घरच्या बाईनं ऐकलं तं काय वाटंल तिला?”

तेजस्विनीने तोंड फिरवलं. भिमाजी खाली बसून पूड हाताने गोळा करायला लागला, ती हाताने गोळा होत नव्हती तरी.

“चुकलं,” धोंडीराम म्हणाला. “परत नाय बोलायचो.”

“आसू द्या. व्हतं माणसाकडून,” ती म्हणाली आणि पुन्हा कडेवर हात टेकून हॉल बघू लागली.

कडा खरखरीत होती. बोर्डाचे दाते वर आलेले होते आणि तिच्या मनगटाची कातडी आता कागदासारखी पातळ झाली होती. धोंडीरामने विचारल्यावर तेजस्विनीने कपाटातून खोकी बांधायची रुंद चिकटपट्टी आणून दिली. तिने एक टोक धरलं आणि तो दुसऱ्या टोकाने कडेवर पट्टी बसवत सरकू लागला, अंगठ्याने दाबत, सुरकुती पडू न देता. तो मध्यापर्यंत पोहोचला तेव्हा सिंधुबाईने त्याला वाट देण्यासाठी दोन्ही हात उचलून छातीशी धरले. पट्टी पुरती चिकटेपर्यंत ती तशीच, हात वर धरून, अदबीने उभी राहिली. मग तिने ते परत खाली टेकले.